महिनाअखेर आणि घेरदार स्कर्ट: अकाउंट्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नोकरीतल्या माझ्या पहिल्या वर्षअखेरीला मी पूर्ण गोल घेराचा स्कर्ट घालून कामावर गेले होते. रात्री उशिरा ट्रायल बॅलन्सची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकींच्या यादीची, प्रिंट निघाली. ती आणायला मी खुर्ची मागे ढकलून झटक्यात उठले आणि चर्रकन आवाज झाला. स्कर्टचा काठ खुर्चीच्या चाकात गुंडाळला गेला होता. कमरेजवळची शिलाई वीतभर उसवली. पुढचे चार तास मी जॅकेट कमरेला बांधून व्हाउचर तपासत बसले.

त्या रात्री वाटलं होतं की आता ऑफिसला फक्त पँट. पण काही आठवड्यांतच मी स्कर्टकडे परतले. दहा-दहा तास बसून काम करताना पोटाला न काचणारा, जिना चढताना पाऊल न अडवणारा आणि तरीही मीटिंगमध्ये नीटनेटका दिसणारा दुसरा कपडा मला सापडला नाही. चूक स्कर्टची नव्हती. त्या दिवशीच्या कामाला तो घेर चालणारा नव्हता आणि ते मला कळत नव्हतं. खाली जे लिहिते आहे ते नुकत्याच अकाउंट्स, ऑडिट किंवा टॅक्सच्या कामाला लागलेल्या आणि घेरदार स्कर्ट आवडणाऱ्या मुलींसाठी. ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा. खरेदी बरीच नंतर येते.

पायरी १: आधी आपला महिना कागदावर मांडा

आपल्या कामाला एक ठरलेली लय असते. महिन्याचे पहिले काही दिवस आधीच्या महिन्याची पुस्तकं बंद करण्यात जातात. मधले दिवस जरा मोकळे असतात. मग पुन्हा बिलं, पगार, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी आपल्या पुस्तकांशी जुळवणं) यांची गर्दी सुरू होते. वर्षातून काही आठवडे ऑडिटचे, काही रिटर्न भरण्याचे. कपड्यांचा विचार करायलाही हेच कॅलेंडर उपयोगी पडतं, कारण प्रत्येक दिवशी शरीर वेगळं काम करत असतं.

एक कोरा कागद घ्या आणि गेल्या महिन्यातले दिवस चार रकान्यांत टाका. सलग बसून कामाचे दिवस. बाहेरच्या लोकांसमोर बसायचे दिवस, म्हणजे क्लायंट, ऑडिटर, बँक. उठबस आणि धावपळीचे दिवस: रेकॉर्ड रूम, फायली, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. आणि गोदामात जाऊन माल मोजायचे दिवस. माझ्या पहिल्या यादीत तीन रकाने भरपूर भरले होते आणि क्लायंटच्या रकान्यात जेमतेम दोन दिवस होते. कपाट मात्र त्या दोन दिवसांच्या कपड्यांनीच भरलेलं होतं. तुमचंही तसंच निघालं तर नवल नाही.

याच वेळी ऑफिसातल्या इतर जणी काय घालतात ते पंधरा दिवस शांतपणे बघा. पेहरावाचा लेखी नियम असेल तर तो मागून घ्या आणि वाचा. स्कर्टची लांबी, बंद चपला-बूट, स्लीव्हलेस चालतं की नाही, हे त्यात बहुतेक वेळा स्पष्ट असतं.

पायरी २: घेर मोजायला शिका

दुकानात सगळ्यालाच ‘फ्लेअर्ड’ म्हणतात. आपण आकड्यांची माणसं, आपल्याला एवढ्यावर भागवायची गरज नाही.

ए-लाइन स्कर्ट कमरेपासून खाली हळूहळू रुंदावतो आणि त्याच्या बाजू जवळजवळ सरळ रेषेत उतरतात. कळ्यांचा स्कर्ट उभ्या पट्ट्या जोडून शिवतात. सहा किंवा आठ कळ्या नेहमीच्या. यात नितंबापर्यंतचा भाग अंगाबरोबर ठेवून त्याखाली घेर मोकळा सोडता येतो. तिसरा प्रकार गोलातून कापलेला: पाव गोल, अर्धा गोल आणि पूर्ण गोल. पूर्ण गोलाला आपल्याकडे टेलर अंब्रेला कट म्हणतात.

गोलातल्या स्कर्टचा खालचा घेर किती येणार हे आधीच काढता येतं. पूर्ण गोलात खालचा घेर म्हणजे कंबर अधिक लांबीच्या ६.२८ पट. अर्ध्या गोलात कंबर अधिक लांबीच्या ३.१४ पट, पाव गोलात कंबर अधिक लांबीच्या १.५७ पट. कंबर २८ इंच आणि लांबी २६ इंच धरली तर पाव गोलाचा खालचा घेर सुमारे ६९ इंच येतो, अर्ध्या गोलाचा ११० आणि पूर्ण गोलाचा १९१. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. १९१ इंच म्हणजे पावणेपाच मीटरपेक्षा जास्त काठ. तो सगळा तुमच्याबरोबर खुर्चीवर बसणार, टेबलाखाली जाणार, लिफ्टच्या दाराजवळ उभा राहणार.

या सूत्रातली मला आवडणारी गोष्ट अशी की वाढणारा घेर फक्त लांबीवर अवलंबून असतो. कंबर २६ असो की ३८, २६ इंच लांबीच्या पाव गोलात काठाला सुमारे ४१ इंचांचीच भर पडते. त्यामुळे ‘माझ्या अंगाला घेर शोभत नाही’ असं कुणी म्हणालं तर मी आधी विचारते, कुठला घेर? पाव गोल आणि पूर्ण गोल हे दोन अगदी वेगळे कपडे आहेत.

पूर्ण गोल घातला की समारंभाला निघाल्यासारखं वाटतं, त्यामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात कापड टंचाईचं होतं. ब्रिटनमध्ये जून १९४१पासून कपड्यांचं रेशनिंग होतं आणि स्कर्ट आखूड, अरुंद झाले होते. त्यानंतर १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियाँ दिऑर यांनी पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरघोस घेराचे स्कर्ट दाखवले. एका स्कर्टला इतकं कापड लावणं हीच तेव्हा चैन होती, त्यावरून टीकाही झाली. पुढे ‘ए-लाइन’ हे नाव रूढ झालं तेही १९५५ साली दिऑर यांनी आपल्या एका कलेक्शनला दिलेल्या नावामुळे. भरपूर कापड म्हणजे सणासुदीचा थाट, ही भावना आजही टिकून आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: रोजच्या कामाला ए-लाइन, कळ्यांचा किंवा पाव गोल. अर्धा गोल क्लायंटकडे जायच्या किंवा मोकळ्या दिवशी. पूर्ण गोल कामाच्या दिवशी नको, निदान चाकांच्या खुर्चीवर बसणार असाल तर नक्कीच नको.

पायरी ३: कापड हातात घेऊन तपासा

मूठ आवळून बघा. स्कर्टचा कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट धरा आणि सोडा. घड्या तशाच राहिल्या तर दुपारी दोनपर्यंत तुमच्या मांड्यांवर तेच चित्र उमटणार आहे. लिनन या परीक्षेत नेहमी नापास होतं. शुद्ध सुतीही बहुधा होतं. मला दोन्ही मनापासून आवडतात, पण ते मधल्या निवांत आठवड्यासाठी. पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्रण, गॅबर्डिन (घट्ट विणलेलं सुटाचं कापड), लोकरीचं क्रेप आणि पाँटी (टी-शर्टसारखं विणलेलं, पण जाडसर कापड) ही कामाची कापडं. बसून उठल्यावर ती पुन्हा जागेवर येतात.

दुसरी परीक्षा पडण्याची. कापड एका टोकाला धरून लोंबकळू द्या. ते मऊ पन्हळी घेऊन खाली उतरलं तर घेर अंगालगत पडेल. ताठ उभं राहिलं तर घेर बाहेर फुगेल आणि अरुंद क्युबिकलमध्ये प्रत्येक ड्रॉवरला घासेल. एकाच मापाचे दोन पाव गोल स्कर्ट केवळ कापडामुळे निराळे दिसतात, हे मी स्वतः पैसे घालवून शिकले.

तिसरी गोष्ट बहुतेकींच्या लक्षात येत नाही. एसीच्या कोरड्या हवेत पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठते आणि चालताना स्कर्ट पायांना चिकटतो. घेर असून नसल्यासारखा. आतून अस्तर असेल तर हा त्रास बराच कमी होतो. अस्तर नसेल तर सुती किंवा व्हिस्कोसची स्लिप घाला. ऐन वेळी हाताला मॉइश्चरायझर लावून तो हात पायांवरून फिरवला तरी तात्पुरतं भागतं.

कापड घेऊन शिवून घेणार असाल तर सुती आणि व्हिस्कोस शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या. दोन्ही आटतात.

पायरी ४: ट्रायल रूममध्ये दिवसभराचं काम करून बघा

आरशासमोर उभं राहून एक गिरकी घेतली आणि स्कर्ट विकत घेतला, असं आपण सगळ्याच करतो. तुम्ही ऑफिसात गिरक्या घेणार नाही. तिथे जे करणार आहात ते ट्रायल रूममध्येच करून बघा.

स्टूल मागवा आणि पाच मिनिटं खरोखर बसा. बसल्यावर पुढचा काठ वर सरकतो, किती सरकला ते बघा. उभं असताना गुडघ्याखाली तीन-चार बोटं असलेली लांबी मला सर्वांत बिनघोर वाटते. बसल्यावर ती गुडघ्याशी येते आणि मीटिंगमध्ये हात सारखा स्कर्टकडे जात नाही. आता पोट सैल सोडून बसा. कंबरपट्टीत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सकाळी नेमकी बसणारी कंबर बारा तास बसल्यावर काचू लागते आणि तेव्हा तुम्ही एखाद्या न जुळणाऱ्या रकमेच्या मागे लागलेल्या असता. मागच्या अर्ध्या भागात इलॅस्टिक आणि पुढे सपाट पट्टी असलेली कंबर महिनाअखेरीला वरदान आहे. वरून जॅकेट आलं की ती कुणाला दिसतही नाही.

मग खालच्या फडताळातली फाइल काढल्यासारखं गुडघ्यावर बसा. उठताना काठावर पाय पडतो का? वरच्या कपाटातला बॉक्स काढल्यासारखे दोन्ही हात वर करा. खोचलेला टॉप बाहेर येतो का? शेवटी उजेडाच्या विरुद्ध उभ्या राहा आणि कुणाला तरी बघायला सांगा, पाय आरपार दिसतात का.

खिशांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण घेरदार स्कर्टचा खरा फायदा तिथे आहे. अंगाला घट्ट बसणाऱ्या सरळ पेन्सिल स्कर्टमध्ये खिसा फुगतो. घेरात तो लपून जातो. पण बाजूच्या शिलाईत नुसती पिशवी लावलेली असेल तर फोन टाकताच ती बाजू खाली ओढली जाते आणि घेर वाकडा पडतो. खिशाची पिशवी वर कंबरपट्टीत शिवलेली असेल तर वजन कमरेवर येतं आणि घेर सरळ राहतो. टेलर हे काम अर्ध्या तासात करतो. मी नवा स्कर्ट घेतला की पहिला तिकडेच नेते.

शिवून घेत असाल तर आणखी दोन सूचना टेलरला द्या. गोलातून कापलेल्या स्कर्टचा काही भाग उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, येतो आणि उरेब कापड स्वतःच्या वजनाने उतरतं. म्हणून कंबर लावून झाल्यावर स्कर्ट निदान एक दिवस टांगून ठेवायचा आणि मगच खालचा काठ कापायचा. आणि काठाची खूण जमिनीपासून वर मोजून करायची, तीही तुम्ही रोजचे बूट घालून उभ्या असताना. कमरेपासून खाली मोजलं तर पुढची-मागची वळणं हिशेबात येत नाहीत आणि स्कर्ट मागून आखूड दिसतो.

पायरी ५: खुर्चीवर बसण्याची सवय

ही पायरी वाचताना क्षुल्लक वाटेल. माझा स्कर्ट वाचला असता तर हिच्यामुळेच.

बसताना दोन्ही हातांनी मागचं कापड खाली सपाट करत बसा. बसल्यावर दोन्ही बाजूंना लोंबणारं कापड उचलून मांडीखाली किंवा मांडीवर घ्या. खुर्चीच्या बैठकीवरून थेट खाली लोंबणारा काठच चाकांपर्यंत पोचतो. उठताना आधी पाय जमिनीवर टेकवा, एक हात बाजूने फिरवून काठ मोकळा आहे का बघा, मग खुर्ची मागे ढकला. आठवड्याभरात हात आपोआप तिकडे जातो. सरकत्या जिन्यावरही काठ एका हाताने उचलून धरा आणि कडेच्या फटीपासून लांब उभ्या राहा.

पायरी ६: वर काय घालायचं

खाली घेर असेल तर कमरेची जागा दिसू द्या. बाकी सगळं त्यातून येतं. शर्ट खोचा, किंवा कमरेशी संपणारा अंगाबरोबरचा स्वेटर घाला. सैल टॉप बाहेर सोडला तर घेर आणि टॉप एकत्र मिळून अंगावर एक चौकोन तयार होतो. टॉप खोचायचा नसेलच तर बारीक बेल्ट लावा.

जॅकेटची लांबी इथे सर्वांत जास्त चुकते. पँटवर छान दिसणारं लांब ब्लेझर घेरावर घातलं की त्याचा मागचा भाग शेपटीसारखा वर उचलला जातो, कारण खालचं कापड त्याला बाहेर ढकलतं. घेरदार स्कर्टवर जॅकेट कमरेशी किंवा कमरेच्या हाडाशी संपावं. त्याहून लांबच घालायचं असेल तर मऊ कापडाचा, बटणं न लावलेला लांब कार्डिगन बरा; तो घेराबरोबर हलतो.

रंगांचं फार डोक्याला लावून घेऊ नका. नेव्ही, गडद राखाडी, काळा, मातकट तपकिरी यांतले दोन स्कर्ट आणि एक छापील. छपाई बारीक असली तर शाईचा ठिपकाही त्यात हरवतो, हा जास्तीचा फायदा.

पायात काय? घेरदार स्कर्टखाली पाऊल हलकं दिसलं की बरं वाटतं: टोकदार सपाट बूट, लोफर, थोडी टाच असलेले पंप्स. घोट्याशी घट्ट बसणारे बूटही चालतात, स्कर्टचा काठ आणि बूट यांच्यामध्ये पाय दिसत असेल तर. जाड सोलचे अवजड बूट कॉलेजात शोभतात. ऑडिट कमिटीसमोर मला ते खटकतात. हे माझं मत आहे, तुमच्या ऑफिसात वेगळं चित्र असेल तर तेच खरं.

पायरी ७: महिनाअखेरीची तयारी आधीच करून ठेवा

तीन स्कर्ट, पाच टॉप आणि दोन जॅकेट यांच्या कागदावर तीस जोड्या होतात. प्रत्यक्षात काही रंग जुळत नाहीत, एखादं जॅकेट छापील स्कर्टवर जात नाही. तरी पंधरा-सोळा जोड्या उरतात. मोकळ्या आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी त्या सगळ्या घालून बघा आणि जमलेल्या जोड्यांचे फोटो फोनमध्ये एका फोल्डरला ठेवा. पुस्तकं बंद करायच्या आठवड्यात सकाळी डोकं चालवायचं नाही, त्या फोल्डरमधला पुढचा फोटो बघायचा. त्या आठवड्यासाठी मी पाच जोड्या इस्त्री करून, एका हँगरवर एक अशा, आदल्या रविवारीच लावून ठेवते.

त्या आठवड्यात नवा स्कर्ट पहिल्यांदा घालू नका. तो कुठे काचतो, कुठे घसरतो हे अजून तुम्हाला माहीत नसतं. नवीन कपड्याची पहिली फेरी नेहमी महिन्याच्या मध्यावर.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी पिशवी ठेवा: चार-पाच सेफ्टी पिना, सुई आणि स्कर्टच्या रंगाचा दोरा, कापडाला लागणारी दुहेरी चिकटपट्टी, एक जादा स्टॉकिंग, ओले वाइप्स. काठ उसवला तर चिकटपट्टीने दिवस निभावतो. स्टेपलर हाताशी असतो म्हणून काठाला पिना मारू नका. त्या काढताना धागे तुटतात आणि बारीक भोकं कायमची राहतात.

आपल्या कामातले दोन डाग ठरलेले. पहिला बॉलपेनचा. डागाखाली टिश्यूची घडी ठेवा, अल्कोहोलचं सॅनिटायझर कापसावर घेऊन वरून टिपत राहा, चोळू नका. आधी आतल्या शिलाईवर थेंब टाकून रंग जात नाही ना ते बघा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरण्याचा मोह टाळा, कारण त्यातलं अॅसिटोन अॅसिटेट या कृत्रिम कापडाच्या अस्तराला विरघळवतं. दुसरा डाग प्रिंटरच्या टोनरचा. ती बारीक प्लॅस्टिकची भुकटी असते आणि उष्णतेने वितळून कागदावर बसावी अशीच बनवलेली असते. त्यामुळे गरम पाणी किंवा इस्त्री लागली तर ती कापडावरही कायमची बसते. हलक्या हाताने झटका आणि उरलेलं थंड पाण्याने धुवा.

पायरी ८: गोदामाच्या दिवशी स्कर्ट घरी

माल मोजायला जायचं असेल तेव्हा घेरदार स्कर्ट घालू नका. शिड्या, रॅकचे कोपरे, पॅलेटचे खिळे, फोर्कलिफ्ट, फिरते पट्टे या सगळ्यांना मोकळं कापड सापडतं. इथे दिसण्याचा प्रश्नच नाही, इजा होण्याचा आहे. सरळ पायांची पँट, बंद आणि न घसरणारे बूट, केस बांधलेले. मोजणीनंतर लगेच क्लायंटच्या ऑफिसात बैठक असेल तर पाँटीचा स्कर्ट गुंडाळी करून बॅगेत टाका. त्याला इस्त्री लागत नाही आणि बदलायला दोन मिनिटं पुरतात.

मोजणीला पहिल्यांदा जाणाऱ्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण ‘आज क्लायंटकडे जायचं’ एवढंच ऐकून त्या सर्वांत चांगला स्कर्ट घालून येतात. आदल्या दिवशी सीनियरला विचारा, नेमकं कुठे जायचंय. या प्रश्नाने कुणी तुम्हाला कमी लेखणार नाही.

पायरी ९: मग हिशेब करा आणि खरेदी करा

किंमत भागिले घातलेले दिवस, एवढं साधं गणित. एक स्कर्ट दुसऱ्याच्या तिप्पट किमतीचा आहे, पण तो तुम्ही ९० वेळा घालाल. स्वस्त स्कर्टला चुण्या पडतात, म्हणून तो १० वेळा घालून कपाटात पडेल. दर दिवसाला महाग स्कर्टचा खर्च स्वस्ताच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच पडला. या हिशेबात खिसा बदलण्याची मजुरी धरा, आणि ‘फक्त ड्राय क्लीन’ अशी चिठ्ठी असेल तर प्रत्येक धुण्याचा खर्चही धरा. दोन-तीन ड्राय क्लीनमध्येच काही स्कर्टचं गणित उलटं होतं. यंत्राची देखभाल धरून हिशेब करायला आपण शिकलेलो असतो, कपड्यालाही तोच न्याय लावा.

पगार नवा असताना एकदम तीन स्कर्ट घेऊ नका. पहिला स्कर्ट गडद राखाडी किंवा नेव्ही, सहा कळ्यांचा किंवा पाव गोलाचा, अस्तर आणि खिसे असलेला. तो दोन महिने वापरा. मग पायरी १चा कागद पुन्हा काढा आणि कुठल्या रकान्यातल्या दिवशी तुम्हाला काहीच सापडत नाही ते बघून दुसरा घ्या.

पायरी १०: निगा

घरी आल्यावर स्कर्ट खुर्चीवर टाकू नका. कंबरपट्टीला दोन चिमटे लावून टांगा, रात्रभरात बसण्याच्या घड्या बऱ्याच निघतात. बाथरूममधल्या गरम पाण्याच्या वाफेत दहा मिनिटं टांगला तर आणखी. अर्ध्या आणि पूर्ण गोलाचे स्कर्ट मात्र महिनोन् महिने टांगून ठेवू नका, उरेब भाग ओघळतो आणि काठ खालीवर होतो. ते घडी करून फडताळात ठेवा. पाँटीसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचंही तसंच.

इस्त्री करताना उरेब भागावर इस्त्री घासत ओढायची नाही, उचलून दाबत पुढे न्यायची. ओढली तर कापड ताणलं जातं आणि काठाला लाटा येतात. कळ्यांच्या स्कर्टला आधी आतून शिलाया दाबून घ्या, मग बाहेरून हलका हात फिरवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा हुक, चेनचा वरचा टाका आणि काठाची शिलाई नजरेखालून घाला. यासाठी मी महिन्याची पुस्तकं बंद झाल्यानंतरचा पहिला रविवार ठेवते. त्या दिवशी सुईत दोरा ओवायला मनाला निवांतपणा असतो, आणि उसवलेल्या शिलाया तोवर दोन-चार झालेल्या असतातच.